कळ, सूत आणि माती

बेंदराला दोन दिवस राहिले होते आणि पाऊस काही उघडीप द्यायला तयार नव्हता. गंगावेशीतून कुंभार गल्लीत वळलं की एरवी ओल्या मातीचा वास सामोरा येतो. त्या दिवशी सगळं कोल्हापूरच ओलं होतं, त्यामुळे तो वास वेगळा ओळखता येईना. दारादारांवर प्लास्टिकचे कागद ताणलेले आणि त्यांच्याखाली फळ्यांवर मातीचे बैल उभे. काही वीतभर, काही मुठीत मावतील एवढे. अंगाला चुन्याचा पांढरा हात, शिंगांना लाल-निळा रंग, पाठीवर झुलीच्या जागी दोन पिवळ्या रेघा. बैल जोडीनेच विकले जातात. एकटा कुणी मागत नाही आणि कुणी देतही नाही.

एका ओट्यावर एक आजी शिंगं चिकटवत बसल्या होत्या. मी छत्री मिटून उभी राहिले तसं त्यांनी वर न बघताच विचारलं, "कुठनं आलायसा?"

"पुण्याहून. पण माहेर इथलंच, मंगळवार पेठेतलं."

"मग माहेरवाशीण की! बसा."

मी बसले. चिमटीएवढी माती घ्यायची, दोन बोटांत वळायची, टोकाला किंचित वाकवायची, पाण्याच्या बोटाने कपाळावर बसवायची. पाच-सहा सेकंदांत एक शिंग. हे साच्यातून काढत नाहीत का, असं मी विचारलं. "धड साच्यातलं. शिंगं हातानंच. साच्यातली शिंगं शेळीची दिसत्यात." त्यांनी दोन बैल माझ्यासमोर धरले. मला फरक दिसला, पण कशामुळे दिसला ते सांगता आलं नसतं. त्यांना ते पन्नास वर्षांच्या बोटांनी ठाऊक होतं.

दोन जोड्या घेतल्या. एक घरच्या पूजेला, एक शेजाऱ्यांच्या नातवाला.

आमच्या घरी बेंदराला पाटावर ही जोडी मांडतात, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. आजोबांची शेती सुटून दोन पिढ्या झाल्या, गोठ्याच्या जागी स्कूटर उभी राहते, तरी बैल चुकत नाहीत. पूजा झाली की आजोबा ती जोडी खिडकीतून हात काढून कौलावर ठेवायचे. आषाढाचा पाऊस तो. दोन दिवसांत बैलांचे पाय विरघळायचे, चौथ्या दिवशी कौलावर नुसता पांढरट ओघळ राहायचा. लहानपणी मी यावर रडून गोंधळ घातलेला आहे. इतका छान बैल, कपाटात का नाही ठेवायचा? आजोबा म्हणायचे, "ठेवला तर पुढच्या वर्षी कुंभार काय करंल?" त्या उत्तरातला अर्थ कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली. खरं तर तो अर्थ पुरता कळावा म्हणूनच हा प्रवास होता.

निमित्त मात्र परदेशातल्या एका बाहुलीचं. माझी मावसबहीण फ्लोरिडात राहते. काही वर्षांपूर्वी तिने तिथल्या सेमिनोल लोकांच्या बायकांनी केलेली एक बाहुली पाठवली होती. उंचीला वीतभर. अंग ताडाच्या जातीच्या एका झुडपाच्या तपकिरी तंतूंचं, नाकडोळे दोऱ्याने टाचलेले. गळ्यात मण्यांच्या माळा एकावर एक, केस कपाळापुढे छपरासारखे पसरलेले. अंगावरचा घेर मात्र थेट आमच्या वाकळेचा भाऊबंद: लाल, पिवळ्या, काळ्या कापडाच्या अरुंद पट्ट्या एकमेकींना शिवून केलेला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन सैन्याशी तीन युद्धं झाली. त्यांत ही माणसं रेटली जात जात दलदलीच्या प्रदेशात शिरली आणि तिथे तगली. हाताने फिरवायचं शिलाई मशीन त्यांच्या बायकांनी आपलंसं केलं आणि कापडाच्या पट्ट्यांची ही कला त्यावर फुलवली. १९२८ साली त्या दलदलीतून मोटारींचा रस्ता सुरू झाला, पर्यटक येऊ लागले आणि रस्त्याकडेच्या झोपड्यांमधून बायका बाहुल्या विकू लागल्या. विकायची वस्तू म्हटल्यावर गिऱ्हाइकाला रुचेल तसं काहीही करता आलं असतं. त्यांनी बाहुलीला आपल्याच अंगावरचं लुगडं नेसवलं, आपल्याच बायकांचा अंबाडा घातला.

ही बाहुली माझ्या पुस्तकांच्या फडताळात उभी असते. एकदा शेजारच्या मुलीने विचारलं, "काकू, आपली अशी बाहुली कुठली?" आणि मी गप्प झाले. आपल्याकडे बाहुल्या नाहीत असं नाही. पण अमुक एक बाहुली म्हणजे अमुक माणसं, असं बोट ठेवून दाखवावं अशी कुठली?

तोच प्रश्न मनाशी घेऊन, कुंभार गल्लीतून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टाउन हॉलच्या संग्रहालयात गेले. चार्ल्स मँट या स्थापत्यकाराची ही निमुळत्या मनोऱ्यांची इमारत १८७६ साली पूर्ण झाली. शाळेच्या सहलीत इथे आम्हाला तलवारी आणि तोफा दाखवल्या होत्या. ब्रह्मपुरीचं दालन तेव्हा घाईत उरकलं असणार. पंचगंगेच्या काठची ब्रह्मपुरीची टेकडी १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी खणली. त्याच्या थोडं आधी याच टेकडीतून ब्राँझच्या वस्तूंचा साठा निघाला होता. त्यातली समुद्रदेव पोसायडनची मूर्ती रोमन जगातून इथवर आलेली. बघायला येणारे तिच्यापुढे थांबतात, आणि थांबावं अशीच ती आहे. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे आणि त्याचा देव पंचगंगेच्या गाळात! व्यापाऱ्यांची ये-जा किती लांबवर होती, ते ती एक मूर्ती सांगते.

मी मात्र भाजल्या मातीच्या वस्तूंपाशी रेंगाळले. सातवाहनांच्या काळात दख्खनमध्ये मातीच्या बाहुल्या साच्यातून काढत. पुढचा भाग एका साच्यातला, पाठ दुसऱ्यातली, दोन्ही जोडून मध्ये पोकळ. म्हणजे काल आजी सांगत होत्या ते 'धड साच्यातलं' दोन हजार वर्षांचं जुनं आहे. भाजलं म्हणून टिकलं. आणि टिकलं तरी किती मुकं! या भागात सापडलेल्या नाण्यांवरून विळिवायकुर असं राजाचं नाव वाचता येतं. बाहुलीचं नाव वाचता येत नाही. ती देवी होती, की लेकीच्या हातातलं खेळणं, की नवस फेडायची वस्तू? तिला काय म्हणून हाक मारायचे? काचेवर माझं तोंड दिसत होतं आणि त्यामागे ते दोन इंचांचं मातीचं तोंड. मला वाईट वाटलं, अगदी माणसासाठी वाटावं तसं.

दुपारी कुडाळची एसटी पकडली. पिंगुळीला जायचं होतं. टाउन हॉलमध्ये न मिळालेलं काहीतरी तिथे मिळेल असं वाटत होतं.

कोल्हापूर-राधानगरी-दाजीपूर-फोंडाघाट हा रस्ता आषाढात करावा. हळदी मागे पडली की दोन्ही बाजूंना ऊस, मग परिते, भोगावतीचा कारखाना, आणि नंतर हळूहळू उसाची जागा भात घेतं. चिखलणी झालेल्या वाफ्यांत बायका घोंगत्याची खोळ डोक्यावर घेऊन वाकलेल्या. राधानगरीला शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण. ते भरलं की दारं आपोआप उघडतात, आणि त्या दिवसांत बसमधली सगळी माणसं एकाच बाजूच्या खिडक्यांना चिकटतात. दाजीपूरच्या जंगलात दिवसाही दिवे लावावे लागले. गवा दिसला नाही. धुकं इतकं की रस्त्याच्या कडेला तो उभा असता तरी कळलं नसतं. घाट उतरताना कान दडले, हवा बदलली, आणि फोंड्याच्या थांब्यावर शेजारी येऊन बसलेल्या बाईने मालवणीत विचारलं, "खंय जातलास?" तीन तासांत भाषेने कूस बदलली होती.

पिंगुळी कुडाळच्या दक्षिणेला, मुंबई-गोवा महामार्गालगत. गावातल्या गुढीपूर वाडीत ठाकर समाजाची घरं आहेत. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या देवळांतून चित्रकथी सांगत आले, कळसूत्री बाहुल्या नाचवत आले, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ करत आले. सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांचा त्यांना आश्रय होता. आपले पूर्वज शिवाजी महाराजांसाठी हेरगिरी करत, खेळ करायच्या मिषाने गावोगाव फिरून खबर आणत, असं त्यांच्यात सांगतात. बाहेरच्याला न कळणारी एक बोलीही त्यांच्यात आहे. कागदोपत्री पुरावा शोधणाऱ्यांनी तो शोधावा. मला महत्त्वाचं वाटलं ते हे, की ही गोष्ट ते स्वतःबद्दल सांगतात. मनोरंजन करणारी माणसं एवढीच आपली ओळख त्यांना पुरी वाटत नाही.

परशुराम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं आणि त्याला ठाकर आदिवासी कला अंगण असं नाव दिलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आत शिरले तेव्हा मनाशी टाउन हॉल होता, म्हणून आधी गडबडले. इथे काचेमागचा अंधार नव्हता. बाहुल्या भिंतीला लटकत होत्या, जणू खेळ संपवून आत्ताच कुणी अडकवून गेलंय. गणपती, सरस्वती, राम, दहा तोंडांचा रावण, वानरं, राक्षस. रंग काही ठिकाणी उडालेला, काही ठिकाणी नव्याने दिलेला. दोऱ्या गुंडाळून ठेवलेल्या. गणपती आणि सरस्वती आधी, मग आख्यान, हा क्रम दशावतारातही असतो. कोकणातल्या माणसाला तो सांगावा लागत नाही.

चित्रकथीच्या पोथ्या पाहिल्या. पोथी म्हणजे एका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा. कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, म्हणजे एक चित्र दाखवून झालं की उलटून दुसरं. माणसं एका अंगाने रेखलेली, डोळे मोठे, टोकदार नाकं. पाठीमागे झाडं-डोंगर फारसे नाहीत; कारण ते सांगणाऱ्याच्या तोंडी असतात. वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने कथा पुढे सरकते आणि चित्र मांडीवर उभं धरलेलं. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ग्रंथात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख आहे. ज्ञानेश्वरीत कळसूत्री बाहुलीला सायखडं म्हटलंय. आणि आमच्या शेजारच्या सांगलीत, १८४३ साली 'सीतास्वयंवर' करून मराठी नाटकाचा पाया घालणाऱ्या विष्णुदास भाव्यांनीही लाकडी बाहुल्या घडवल्या होत्या. रामदास पाध्ये यांनी त्या जुन्या बाहुल्या दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या. म्हणजे बाहुली मराठी माणसाच्या घरातली जुनीच. ती कुणाच्या हातात राहिली आणि कुणाच्या हातून सुटली, एवढाच प्रश्न.

पावसाळ्यात देवळांतले खेळ थांबलेले असतात. जत्रांचे दिवस पुढे, थंडीत. त्यामुळे वाडीतल्या दुसऱ्या एका घरी पडवीत दुरुस्तीचं काम चाललं होतं. एक वयस्कर गृहस्थ मांडी घालून बसलेले, समोर राक्षसाची बाहुली आडवी, तिच्या हाताची जुनी दोरी काढून नवी ओवत होते. मी कोल्हापूरची म्हटल्यावर त्यांनी पहिली चौकशी अंबाबाईची केली, दुसरी पावसाची. चहा आला. मग त्यांनी दुरुस्त झालेली एक बाहुली माझ्या हाती दिली. दोऱ्यांची टोकं माझ्या बोटांना गुंडाळली.

बाहुली तिरकी झाली. एक हात वर गेला तो खाली येईना. मी बोटं आवळली तशी ती गरकन फिरून पाठमोरी उभी राहिली. पडवीच्या कोपऱ्यातून नातवाचं खुदकन हसू आलं.

"बोटां ढिली सोडा," ते म्हणाले. "ती आपसूक उभी रवतली."

सोडली. आणि ती खरंच उभी राहिली. हलक्या लाकडाचं ते अंग स्वतःच्या वजनाने खाली आलं, मान सरळ झाली, हात बाजूला आले. तिला उभं करण्यात माझा काही वाटा नव्हता. मी फक्त अडवणं थांबवलं होतं. मग नातू पुढे आला. दहा-अकरा वर्षांचा असेल, अंगात शाळेचा गणवेश. त्याने दोऱ्या घेतल्या, मान किंचित कलती केली आणि घोगऱ्या आवाजात राक्षसाची डरकाळी फोडली. त्या पोराच्या बोटांत राक्षस चालत आला, थांबला, छाती पुढे काढून आजोबांकडे वळला. आजोबांच्या तोंडून रामाचं वाक्य आपोआप निघालं. हातातली दोरी त्यांनी खाली ठेवलीसुद्धा नव्हती. बाहेर पागोळ्या धो धो गळत होत्या आणि इकडे पडवीत, गिऱ्हाईक नाही, तिकीट नाही, अर्धं मिनिट युद्ध झालं.

हा खेळ बसवलेला नव्हता. मी बाहेरची, मला दाखवायलाही तो केला नव्हता. आजोबा-नातवाचं ते रोजचं बोलणं होतं.

ब्रह्मपुरीच्या बाहुलीपाशी मला जे हवं होतं ते हेच. तिची माती, तिचं वय, तिचा थर सगळं अभ्यासकांनी जिवापाड जपलंय आणि त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. पण तिच्या तोंडचं वाक्य सांगणारं माणूस मध्येच कुठेतरी तुटलं. राक्षस राक्षसासारखा चालतो हे या पोराला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. आजोबांची बोटं बघून ते त्याच्या बोटांत उतरलंय. आता याच्यापुढची काळजी खरी आहे आणि ती वाडीतल्या प्रत्येक घराला आहे. पोरं शिकतात, नोकरी शोधतात, शोधायलाच हवी. देवळातल्या सेवेच्या मानधनावर घर चालत नाही. म्हणून मग पर्यटकांसाठी खेळ, शाळांसाठी कार्यशाळा, चित्रं, विकायच्या बाहुल्या. याला कुणी बाजार म्हणून नाक मुरडलं तर माझी हरकत आहे. सेमिनोल बायकांनीही रस्त्याकडेला बसून विक्रीच केली. काय विकायचं आणि कसं नेसवून विकायचं, हे करणाऱ्यांच्या हाती राहिलं पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलेसारख्या चपला झळकल्या आणि त्यांच्यावर कोल्हापूरचं नाव नव्हतं, तेव्हा आमचं गाव पेटून उठलं होतं ते याचसाठी. २०१९ पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे. पण कागद असून भागत नाही, चप्पल ओळखणारा आणि तिच्यासाठी भांडणारा माणूसही लागतो.

निघताना मी एक छोटी बाहुली विकत घेतली. आजोबांनी ती कागदात गुंडाळण्याआधी दोऱ्यांचा गुंता होऊ नये म्हणून त्या एका काडीला नीट वेटोळ्याने बांधल्या, आणि मला दोनदा सोडून, बांधून दाखवल्या. तिसऱ्यांदा माझ्याकडून करून घेतलं. मगच पैसे घेतले.

रात्र कुडाळात काढून सकाळच्या गाडीने परतले. घाटात दरड आल्याने तास-दीड तास खोळंबा झाला. एसटीच्या काचेवरून पाणी वाहत होतं, मांडीवर ती बाहुली. पलीकडच्या बाकावरच्या एका लहान मुलीने बघायला मागितली. मी वेटोळं सोडून दोऱ्या तिच्या बोटांत दिल्या आणि म्हटलं, बोटं ढिली सोड. खोळंबा कुणाला जाणवला नसेल, निदान त्या दोन बाकांवर तरी.

कोल्हापुरात शिरेस्तोवर संध्याकाळ झाली होती. बेंदूर. रस्त्यात दोनदा गाडी थांबली, कारण पुढे बैलांची मिरवणूक होती. शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा, पुढे हलगी. ताराराणी चौकात उतरून रिक्षाने घरी गेले. वहिनीने नैवेद्य केव्हाच दाखवला होता. पुरणपोळी माझ्यासाठी झाकून ठेवलेली. पाटावर कुंभार गल्लीतली जोडी उभी होती, कपाळावर हळद-कुंकू, पायांशी भिजवलेली डाळ.

जेवण झाल्यावर भावाने विचारलं, "बैल कुठं ठेवायचे गं आता? कौलं तर राहिली नाहीत." घराला स्लॅब पडून वीस वर्षं झाली. मी जोडी उचलली, गच्चीवर गेले आणि कठड्यावर ठेवली, शहराकडे तोंड करून. पाऊस बारीक लागला होता. शेजारच्या गच्चीवरही एक जोडी होती. तिच्या पलीकडच्या गच्चीवर आणखी एक.

सकाळी चहा घेऊन वर गेले तेव्हा पाय गेले होते आणि धडं पोटावर बसली होती. आजींनी हाताने लावलेली शिंगं मात्र अजून तशीच होती.